अकबोताच्या पायातला दोरा

दोरा वळून झाला तरी कुलझिपा तो हातातून सोडेना. काळी आणि पांढरी लोकर मांडीवर एकत्र पिळून तिनं हातभर दोरा केला होता आणि आता उगाच त्याला पीळ देत बसली होती. शेगडीपाशी बाउरसाकांचे कणकेचे गोळे तळणारी तिची धाकटी सून कलामकास सासूच्या बोटांकडे बघत होती. जीव थाऱ्यावर नसला की म्हातारी काहीतरी वळत बसते, हे तिला दहा वर्षांत कळून चुकलं होतं.

"आपा, झाला की तो."

"झाला. पण सैल पडायला नको."

"कापायचाच तर आहे." झाऱ्यावरचं तेल निथळून कलामकासनं शक्य तितक्या सहज विचारलं, "कोण कापणार?"

"साल्तानात. आणखी कोण?"

कढईतले चार गोळे काळे झाले, ते कलामकासनं काढून बाजूला टाकले.

मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांत असा दुरंगी दोरा बांधतात, एका माणसानं तो कापायचा, मुलाचा हात धरून त्याला चालवायचं. ज्याच्या हातून दोरा तुटतो त्याची चाल मुलाला लागते म्हणतात. म्हणून पूर्वी या कामाला लगबगीची, लेकुरवाळी, हसरी बाई हुडकायचे. हल्ली ज्याची गाडी मोठी त्याला बोलावतात. पलीकडच्या गल्लीतल्या एका पोराचा दोरा बँकेच्या मॅनेजरनं कापला आणि कापून झाल्यावर पोराचं नाव विचारलं. तिथून ही गोष्ट साऱ्या वस्तीत झाली, पण हसता हसता प्रत्येकजण मनात आपल्या ओळखीतला मॅनेजर शोधत होता, हेही खरं.

कलामकासला चिंता चालीची नव्हती. गेल्या शुक्रवारी मोठा दीर तेमिरखान बायको साल्तानातला न घेता एकटाच आला होता. आईच्या पायाशी बसून म्हणाला, "आपा, नऊ वर्षं झाली, आमचं घर रिकामं आहे. धाकट्या येसेनची अकबोता आम्हाला द्या." कुलझिपा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "दोरा कापून होऊ दे, मग न्या," एवढंच म्हणाली. त्यातलं 'मग न्या' दाराआड उभ्या असलेल्या कलामकासनं ऐकलं. आज तिची तेराच महिन्यांची पोर त्या गाडीत बसून जाणार होती.

"मी नागिमा दिली नव्हती?" कुलझिपा एकदम म्हणाली. सुनेनं काही विचारलं नव्हतं, तरी. "थोरली लेक माझी. दिराला मूल नव्हतं, दिली. रडले का मी? रक्तातच राहतं गं मूल. परक्याकडे थोडंच जातं?"

आतून अकबोताचा खोकला आला. कोरडा, एकामागून एक. सांडपाण्याच्या तळ्यांकडचा वारा सुटला की वस्तीत सडक्या अंड्यांचा वास भरायचा आणि मुलं खोकायची. डॉक्टर म्हणाला होता, जागा बदला. जणू जागा म्हणजे अंगरखा.

"आणि तो खोकला ऐक," कुलझिपा हळूच म्हणाली.

तोच तर ऐकत होती कलामकास. तेवढ्या एका खोकल्यापुढे तिला काही बोलता येत नव्हतं.

तिचा नवरा येसेन फाटकाबाहेर टँकरच्या काचा पुसत होता. टँकर त्याचा नव्हता, भावाच्या कंपनीचा होता. तेलाच्या तळांवर पाणी पोचवायचं आणि परतताना उरलेलं गल्लीत द्यायचं. गल्लीला नळ नव्हता, त्यामुळे येसेनचा भाव इथे आमदाराहून जास्त होता.

"बोललास का शहरच्या आगांशी?" कलामकासनं विचारलं. सुनेनं सासरच्या थोरांचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, म्हणून लग्नाच्या आठवड्यातच तिनं मोठ्या दिराला हे, शहरचे थोरले दादा असं, नाव दिलं होतं. तेव्हा तो शहरात एका भाड्याच्या खोलीत राहायचा. नाव ऐकून सगळे पोट धरून हसले होते, तो स्वतः सगळ्यात जास्त.

"काय बोलू?" येसेन म्हणाला. "टँकर त्यांचा, पगार त्यांचा. पोरांच्या पायातले बूट त्यांनीच घेतलेत."

"म्हणजे मुलगीपण त्यांचीच?"

"असं कुठं म्हणालो मी!" तो ओरडला, मग घराकडे बघून आवाज खाली आणला. "नवव्या मजल्यावर हा वास पोचत नाही गं. दवाखाना त्याच इमारतीत आहे. रात्री ती खोकते ना, तेव्हा मला वाटतं, न्यावं त्यांनी. बरी होईल. आणि सकाळी वाटतं, बरी होऊन ती मला ओळखेल का?"

"मग नाही म्हण."

"तूच सांग ना, कसं म्हणायचं ते."

पुसून लख्ख झालेली काच तो पुन्हा पुसायला लागला.

*

डांबरी रस्ता संपला तसा गाडीला गचका बसला आणि साल्तानातनं मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी धरलं. आत पांढरे बूट होते, तिच्या बोटांएवढे. ते घ्यायला ती तीन दुकानं फिरली होती आणि दर दुकानात विक्रेतीनं विचारलं होतं, तुमची मुलगी केवढी? तिसऱ्या दुकानात ती म्हणाली, तेरा महिन्यांची.

"आज कुणी काही बोलणार नाही ना?" तिनं विचारलं.

तेमिरखाननं फोन खाली ठेवला. "कोण बोलणार? माझ्याच घरी चाललोय मी."

"कलामकासशी तू बोललायस?"

"आपाशी बोललोय. बस झालं." मग तिच्याकडे बघून जरा मऊ झाला. "साल्ता, आपण काय चोरी करतोय? पोर खोकून खोकून अर्धी झालीय. तिथं राहून काय होणार तिचं? सगळ्यांना कळतं. कापड अंथरायला माणसं पाठवलीत मी सकाळीच, सगळं नीट होईल."

साल्तानात खिडकीबाहेर बघायला लागली. तिला भीती कलामकासची नव्हती, नागिमाची होती. गेल्या हिवाळ्यात थोरली नणंद त्यांच्या इमारतीपाशी आली होती. पहारेकऱ्यानं पास मागितला, नव्हता, तेव्हा त्यानं मोलकरणींच्या दाराकडे बोट दाखवलं. साल्तानातनं वरून तिचा तांबडा रुमाल ओळखला होता. एक फोन खाली केला असता तर झालं असतं. पण घरी तेमिरखानच्या भागीदारांच्या बायका चहाला बसल्या होत्या, आणि नागिमा बाजारात मासे साफ करते, तिच्या अंगाला तो वास असतो. साल्तानात खिडकीशीच उभी राहिली. अर्ध्या तासानं तांबडा रुमाल निघून गेला. संध्याकाळी पहारेकऱ्यानं धुरावलेल्या माशाचं पुडकं वर आणून दिलं.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नागिमानंही कुणाला सांगितलेलं दिसत नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती होती.

*

जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती घरचे आणि गल्लीतली दहा-बारा माणसं दाटीनं बसली. तेमिरखान आईच्या शेजारी, मानाच्या जागी. मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे आलं तेव्हा त्यानं रीतीप्रमाणे कान कापून पोरांना दिले, आणि सगळे जरा सैलावले. पैसा आला तरी रीत विसरला नाही, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, त्याला ऐकू जावं म्हणून.

नागिमा सगळ्यात शेवटी आली. पाच लेकरांची आई, बाजारातून थेट आलेली, सुरी फडक्यात गुंडाळून कमरेला खोचलेली. दारातच तिनं अकबोताला उचलून दोन्ही गालांचे मुके घेतले, मग जागा नव्हती तिथे जागा करून बसली.

"काय रे तेमिरखान, नवव्या मजल्यावर वारा कसा असतो?"

"या ना ताते एकदा. कधी येतच नाही तुम्ही," तेमिरखान थोरल्या बहिणीला म्हणाला.

"आले होते."

साल्तानातचा चहाचा वाडगा ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"कधी?" तेमिरखाननं विचारलं.

"हिवाळ्यात. तुझा पहारेकरी म्हणाला, मोलकरणींचं दार मागच्या बाजूला आहे."

गल्लीतली माणसं ताटांत बघायला लागली. तेमिरखानचा चेहरा उतरला, आणि त्याला खरंच लागलं होतं, हे सगळ्यांना दिसलं. "नाव सांगा त्याचं. उद्या काढून टाकतो."

"त्याला कशाला काढतोस? त्यालाही पोट आहे. जे सांगितलंय तेच करतो बिचारा." नागिमानं मांसाचा तुकडा तोंडात टाकला. "मासा पोचला ना पण?"

"पोचला," साल्तानातच्या तोंडून निघून गेलं.

तेमिरखाननं बायकोकडे पाहिलं. त्याला मासा माहीतच नव्हता. नागिमा साल्तानातकडे बघून हसली, त्यात राग नव्हता, आणि साल्तानातला ते हसू सोसवेना.

कुलझिपानं हे सगळं पाहिलं. म्हातारीचे डोळे अधू झाले होते, पण दस्तरखानाभोवती कोण कुणाकडे बघतं ते तिला अजून बरोबर दिसायचं. तिला नागिमा दिली तो दिवस आठवला. दिराचं अंगण आणि आपलं अंगण यांच्यामध्ये काटक्यांचं कमरेएवढं कुंपण. दोन्हीकडे एकेक गाय, सारखाच मासा वाळत घातलेला, साखरेचा खडासुद्धा दोन्ही घरी चहाबरोबर चाटायला सुतळीनं टांगलेला. नागिमाला इकडून तिकडे गेल्याचं कळलंही नाही. रडले का मी, असं ती सकाळी सुनेला म्हणाली होती. खरं म्हणजे संध्याकाळी गाईचं निमित्त करून ती रोज त्या कुंपणाशी जायची, आणि जाऊबाई काही न बोलता पोरीला उचलून तिच्याकडे द्यायची. दूध पाजून झालं की ती पोरीला परत द्यायची. दोन वर्षं.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नागिमाला ते आठवत असण्याचं कारण नव्हतं.

"आपा, उजेड आहे तोवर उरकून घेऊ," तेमिरखान म्हणाला. "परत जायला लांब आहे."

*

तेमिरखानच्या भाड्याच्या माणसांनी जेवणं चालू असताना पांढरं कापड फार सुरेख अंथरलं होतं, कडेला कागदी फुलं लावून. कलामकास अकबोताला घेऊन उंबऱ्यात आली आणि तिथंच थबकली. कापड अंगणातून घराकडे यायला हवं, म्हणजे मूल चालत आपल्या घरात येतं. हे कापड उंबऱ्यापासून निघून फाटकाकडे गेलं होतं. फाटकाबाहेर थोरल्या दिराची पांढरी गाडी उभी होती, मागचं दार उघडं. आत लहान मुलाची खुर्ची बसवलेली होती.

तिनं सासूकडे पाहिलं. सासू कापडाकडेच बघत होती.

साल्तानात कापडावर गुडघे टेकून बसली. तिनं अकबोताला पांढरे बूट घातले, ते अगदी मापाचे निघाले, आणि पोरीनं खाली वाकून बुटांना हात लावून बघितला. सगळे हसले. कुलझिपानं नातीच्या पायांत दोरा बांधला. भाड्याच्या माणसानं तबकातून सोनेरी कात्री पुढे केली.

कात्री चालेना. साल्तानातनं एकदा दाबली, दोनदा दाबली, दोरा पात्यांमध्ये नुसता वाकला. सकाळभर दिलेला पीळ होता तो. तिसऱ्यांदा तिनं जोर लावला तशी अकबोता धडपडली आणि कुणीतरी मागून श्वास आत ओढला. दोरा तुटत नाही म्हणजे काय ते कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात आलं.

नागिमा पुढे आली आणि कमरेचं फडकं सोडून सुरी तिच्यापुढे धरली. "घे. माशाचा वास येईल, पण कापेल."

साल्तानातनं वर पाहिलं, सुरी घेतली. दोरा एका झटक्यात तुटला. बायकांनी मूठमूठ गोड गोळ्या उधळल्या, पोरं तुटून पडली, आणि साल्तानातनं अकबोताचा हात धरला.

पोर चालायला लागली. एक पाऊल, दोन, चार. कलामकासला वाटलं होतं ती वळून बघेल. ती वळली नाही. नव्या बुटांचा आवाज ऐकत, खुशीत, मोठ्या आईचं बोट धरून ती तुरुतुरु फाटकाकडे निघाली, आणि आईला उंबऱ्यात उभं राहून तिची पाठ लहान होताना दिसत होती. साल्तानात तिला उचलून गाडीत बसली.

"तेमिरखान!"

एका शेजारणीचा हात तोंडावर गेला. सुनेनं मोठ्या दिराला नावानं हाक मारली होती, तीही अशी, सगळ्या गल्लीदेखत. कलामकासलाही आपला आवाज परक्या बाईचा वाटला, पण आता तो मागे घेता येण्यासारखा नव्हता.

"माझी मुलगी कुठं चालवलीत?"

तेमिरखान चिडला नाही. तिच्यापाशी येऊन, आजारी माणसाशी बोलावं तसा बोलला. "कलामकास, ती कुठं परक्याकडे चाललीय का? माझ्या घरी चाललीय. तिला खोली आहे, डॉक्टर आहे, शाळा ठरवून ठेवलीय. तुला तिचं बरं व्हायला नकोय?"

"हवंय." ती रडायला लागली होती आणि पुसत नव्हती. "मला भेटायचं असेल तेव्हा?"

"तेव्हा ये की! कधीही ये."

"पहारेकरी सोडेल मला?"

"अगं, त्यात काय एवढं? तुझा पास काढून देतो. कायमचा. फोटोसकट."

त्याला वाटलं प्रश्न सुटला. तो अगदी मनापासून बोलला होता.

"आणि माझा?" कुलझिपानं विचारलं.

"तुमचाही काढू, आपा."

म्हातारी हळूहळू मान हलवत राहिली. "तुझ्या काकूनं मला पास नव्हता मागितला रे," ती म्हणाली. "मी रोज संध्याकाळी कुंपणाशी जायचे. ती नागिमाला माझ्या अंगावर पाजायला द्यायची. दोन वर्षं. म्हणून मी दिलं असं म्हणते. दिलं नव्हतंच मी कधी."

नागिमानं आईकडे चमकून पाहिलं. पन्नास वर्षांत ही गोष्ट तिच्या कानावर आली नव्हती.

"आपा, तुम्ही शब्द दिलाय," तेमिरखान म्हणाला. आता मात्र त्याच्या आवाजाला धार आली. "दोरा कापून झाला. गल्लीनं पाहिलं. मी रिकामा परत गेलो तर लोक काय म्हणतील, भावानं भावाला ओळखलं नाही? मी या घरासाठी काय कमी केलं?" तो वळला. "येसेन! टँकर काढ. वाट अडवून ठेवलीयेस."

*

गल्लीला एकच तोंड होतं, आणि भावाच्या गाडीला फाटकाशी जागा करून देऊन येसेननं टँकर त्या तोंडाशी लावला होता. येसेन भावाच्या हाकेसरशी निघाला, कारण भावाच्या हाकेला तो लहानपणापासून असाच निघायचा. चढून बसला, दार लावलं, किल्ली घातली. आरशात त्याला पांढरी गाडी दिसत होती, आणि गाडीच्या काचेला चिकटलेले दोन लहान तळवे.

त्यानं किल्ली फिरवली नाही.

त्यानं काही ठरवलं नव्हतं. नाही म्हणायला त्याची जीभ कधी वळली नसती, हे त्याला ठाऊक होतं. फक्त हात पुढे जाईना.

तेमिरखान खिडकीखाली आला. "काय झालं?"

"चालू होत नाही, आगा."

"सकाळी चालू होता."

"हो. आता होत नाहीये."

दोघांनीही किल्लीकडे पाहिलं. ती भोकात सरळ उभी होती, हात न लागलेली. तेमिरखानच्या गालाची शीर उडत होती. येसेनला वाटलं आता हा दार उघडून आपल्याला खाली ओढणार, आणि ओढलं तर आपण काय करणार तेही त्याला माहीत नव्हतं.

मागे अकबोतानं काचेवर हात आपटायला सुरुवात केली. तिला आई दिसली होती. कापडावरून धावत आलेली कलामकास काचेबाहेर उभी होती, हात न लावता. पोर रडत नव्हती, काच आपटत होती, आणि मध्येच खोकली. आईपर्यंत आवाज पोचला नाही, नुसतं तिचं अंग हललेलं दिसलं.

साल्तानातनं ते काचेच्या आतून पाहिलं. दार उघडून पोरीला कडेवर घेऊन ती बाहेर आली.

"साल्ता, आत बस," तेमिरखान म्हणाला.

"मला नाही जमणार."

"काय नाही जमणार?"

"ही बाई खाली येऊन उभी राहील, आणि मी वरून बघत राहीन. घरी पाहुणे असतील म्हणून, नाहीतर आणखी कशासाठी." तिचा आवाज फुटला. "मी तशी आहे, मला माहितीय. तातेला विचार."

तेमिरखान बायकोकडे बघत राहिला. माशाचा अर्थ त्याला आत्ता लागला असावा.

साल्तानातनं अकबोताला कापडावर उभं केलं, तोंड घराकडे करून, आणि तिचा हात धरून चालवत नेलं. परतीला जास्त वेळ लागला. पोर गोळ्या वेचायला थांबायची, साल्तानात थांबायची, सगळं अंगण थांबायचं. उंबऱ्याशी कुलझिपा उभी होती. साल्तानातनं हात सोडला. तो रिकामा हात कुठं ठेवायचा ते तिला कळेना, तेव्हा नागिमानं तो आपल्या हातात घेतला, माशाच्या वासाचा होता तसाच, आणि साल्तानातनं काढून घेतला नाही.

तेव्हा कुठे येसेननं किल्ली फिरवली. टँकर पहिल्याच खेपेला चालू झाला. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

त्यानं तो भिंतीला लावला आणि खाली उतरला. तेमिरखान गाडीत बसला होता, काच खाली.

"मी वाईट माणूस आहे का रे?" त्यानं विचारलं.

"नाही, आगा."

"मग?"

येसेननं हातातली किल्ली मुठीत धरली. भावाकडे न बघता तेमिरखान म्हणाला, "टँकर उद्या सकाळी तळावर लावून ये. किल्ली ऑफिसात दे. दुसरा माणूस बघतो मी." साल्तानात येऊन शेजारी बसली. मागची लहान खुर्ची तशीच रिकामी, गाडी गल्लीबाहेर गेली.

कुलझिपा खाली बसून कापडाची घडी घालत होती. भाड्याची माणसं ते मागायला आली होती, पण तिच्यापुढे बोलायची त्यांची छाती होईना. कलामकासनं अकबोताला उचलून छातीशी धरलं. पोर खोकली. एकदा, दोनदा. कलामकास तिसऱ्याची वाट बघत श्वास धरून उभी राहिली. तिसरा आला नाही. त्यानं काही सिद्ध होत नव्हतं, हे तिला माहीत होतं. वारा तळ्यांकडूनच येत होता, आणि ज्या डॉक्टरकडे पोर आज गेली असती तो डॉक्टर त्या इमारतीत आहे, हेही तिला आयुष्यभर माहीत राहणार होतं.

येसेन समोर येऊन उभा राहिला. तिच्याकडे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं.

"किल्ली उद्याच द्यायची ना?" तिनं विचारलं.

"हो. सकाळी."

"टाकी भरलेली आहे?"

"काठोकाठ."

कलामकासनं अकबोताला त्याच्या कडेवर दिलं आणि फाटकात जाऊन गल्लीकडे तोंड करून ओरडली, "बादल्या आणा गं! असेल नसेल ते भांडं आणा. उद्यापासून पाणी नाही."

दारं उघडायला लागली. नागिमानं बाह्या सरसावून नळीचं तोंड सोडलं, आणि बायकांची रांग लागली. बापाच्या कडेवरून अकबोता पाण्याकडे बघत होती. तिच्या एका बुटावर दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला होता.

कलामकासनं पहिली कढई पाण्याखाली धरली, बाउरसाकांची, तेलकट होती तरी.